लिनक्सवर टॉरेंटसाठी पोर्ट फॉरवर्डिंग : राउटरमध्ये सगळं करूनही पोर्ट बंदच दिसतो

सांजवारा

घरी एक जुना डेस्कटॉप पडून होता, त्यावर लिनक्स मिंट टाकलं. तो आता रात्रंदिवस चालू असतो आणि ट्रान्समिशन या टॉरेंट प्रोग्रॅमवर सीडिंग करतो, म्हणजे उतरवलेल्या फायली इतरांना वाटत राहतो. डेबियनच्या आयएसओ फायली, लिब्रेऑफिस, इंटरनेट आर्काइव्हवरची काही जुनी मराठी पुस्तकं. सगळ्यात जिव्हाळ्याची म्हणजे किविक्सची मराठी विकिपीडियाची फाईल. ज्यांना किविक्स माहीत नाही त्यांच्यासाठी : अख्खा विकिपीडिया एका फाईलमध्ये मिळतो, एकदा उतरवला की इंटरनेट नसतानाही वाचता येतो. गावाकडच्या शाळेत जिथे रेंज येत नाही तिथे हे किती कामाचं आहे ते सांगायला नको. म्हणून माझ्याकडून ती फाईल सतत उपलब्ध राहावी अशी इच्छा आहे.

अडचण अशी : राउटरमध्ये जाऊन 51413 हा पोर्ट (ट्रान्समिशनचं दार) 192.168.1.20 या पत्त्यावर फॉरवर्ड केला आहे, म्हणजे बाहेरून त्या दारावर येणारं डेस्कटॉपकडे पाठवायला सांगितलं आहे, टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन्ही पद्धतींसाठी. डेस्कटॉपला राउटरमधूनच तो पत्ता कायमचा राखून ठेवला आहे. राउटर दोनदा बंद-चालू केला. तरी ट्रान्समिशनच्या प्रेफरन्सेसमध्ये नेटवर्कखाली 'टेस्ट पोर्ट' दाबलं की 'पोर्ट इज क्लोज्ड' असंच येतं. कुठे बघू?

पुणेरी_पेंग्विन

बाकी कशालाही हात लावू नका. आधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) काय लिहिलाय ते बघा आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या कुठल्याही साइटवर जो आकडा येतो त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही एकच असतील तर पुढे बोलू. वेगळे असतील तर तुमच्या राउटरमधले नियम कितीही बरोबर असले तरी उपयोग नाही.

वॅनचा आकडा 10 ने, 192.168 ने, 172.16 ते 172.31 मधल्या कशाने किंवा 100.64 ते 100.127 मधल्या कशाने सुरू होत असेल तर तो पत्ता तुमच्या मालकीचा नाही. पहिले तीन घरगुती आणि ऑफिसातल्या नेटवर्कसाठीचे. चौथा पट्टा 2012 साली खास इंटरनेट कंपन्यांसाठी वेगळा काढला, कारण आयपीव्ही4 चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते संपत आले होते आणि एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो घरं बसवायची वेळ आली. यालाच सीजीनॅट म्हणतात (एका पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवणं म्हणजे नॅट, हा कंपनीच्या पातळीवरचा). बाहेरून येणारी जोडणी कंपनीच्या यंत्रापर्यंत येते. ती नेमक्या कुठल्या घरात पाठवायची हे त्या यंत्राला कोणी सांगितलेलंच नसतं, म्हणून ती तिथेच टाकून दिली जाते. तुमच्या राउटरला तिचा पत्ताही लागत नाही.

आपल्याकडे फायबरची बरीच घरगुती कनेक्शनं आज अशीच आहेत.

रानपाखरू

एवढं कशाला? राउटरमध्ये यूपीएनपी (प्रोग्रॅमने मागितलं की राउटरने स्वतःच पोर्ट उघडायची सोय) चालू करा, ट्रान्समिशनमध्ये त्याचीच खूण असते ती लावा. आपोआप होतं. माझ्याकडे कित्येक वर्षं चालू आहे.

टर्मिनल_तात्या

रानपाखरू, तुमच्याकडे चालतं कारण तुमच्याकडे सार्वजनिक आयपी असणार. सीजीनॅटच्या मागे यूपीएनपीने राउटर 'पोर्ट उघडला' म्हणून सांगतो, ट्रान्समिशनही खूश होतं आणि बाहेरून मात्र सगळं बंदच. माणूस आणखी गोंधळतो.

शिवाय मला यूपीएनपी तत्त्वतःच पटत नाही. त्यात विचारपूस नसते. घरातलं कुठलंही यंत्र, स्वस्तातला कॅमेरा असो की टीव्ही, राउटरला सांगून स्वतःसाठी दार उघडून घेऊ शकतं. एकच पोर्ट हवाय ना, मग तो हाताने उघडावा.

सांजवारा, वॅन आयपी बघालच, पण तेवढ्यात आपली बाजू चोख आहे का तेही तपासा. आतून बाहेर जायचं.

कार्यक्रम खरंच त्या पोर्टवर कान देऊन आहे का? टर्मिनलमध्ये एसएस ही आज्ञा टी, यू, एल, पी, एन हे पर्याय लावून सुडोने (प्रशासकाच्या अधिकाराने) चालवा. यादीत 51413 च्या पुढे ट्रान्समिशनचं नाव दिसलं पाहिजे, टीसीपीतही आणि यूडीपीतही. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही : ट्रान्समिशन बंद असेल तर पोर्ट तपासणारी साइट 'बंद' असंच सांगणार. ऐकणारा कोणी नसेल तर फॉरवर्ड केलेला पोर्टही बंदच दिसतो.

मग फायरवॉल. मिंटमध्ये यूएफडब्ल्यू असतो पण मुळात बंद असतो. तुम्ही तो चालू केला असेल तर 'सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ 51413' एवढं पुरे. टीसीपी-यूडीपी असं काही न लिहिता दिलं की दोन्ही उघडतात.

आणि शेवटचं, माझं सगळ्यात आवडतं : टीसीपीडम्प, म्हणजे येणारा-जाणारा डेटा ओळीओळीने दाखवणारी आज्ञा. सुडोने 'टीसीपीडम्प आय एनी टीसीपी पोर्ट 51413' चालवायचं (आयच्या आधी एक आडवी रेघ), ट्रान्समिशनमधली सगळी टॉरेंट थांबवायची म्हणजे नेहमीची गर्दी दिसत नाही, आणि मग 'टेस्ट पोर्ट' दाबायचं. बाहेरच्या पत्त्यावरून 192.168.1.20 कडे एकही ओळ आली नाही तर दोष तुमच्या कॉम्प्युटरमध्ये नाही, अडवणूक त्याच्या आधी कुठेतरी आहे. ओळ आली आणि उत्तर गेलं नाही तर फायरवॉल. ह्या एका चाचणीने अर्धे वाद मिटतात.

फणसपोळी

मला एक कळत नाही. माझा पोर्ट कायम बंद असतो आणि उबुंटूची आयएसओ तरीही पूर्ण वेगाने उतरते. मग हा सगळा खटाटोप हवाच कशाला?

पुणेरी_पेंग्विन

@फणसपोळी, उतरवायला नकोच असतो. पोर्ट बंद असलेलं कनेक्शन म्हणजे फक्त आउटगोइंग सुरू असलेला फोन. तुम्ही कोणालाही लावू शकता, तुम्हाला कोणी लावू शकत नाही. उबुंटूच्या टॉरेंटवर इनकमिंग चालू असलेले इतके जण असतात की तुम्हाला काही जाणवत नाही. पण सीडर दोन-तीनच असतील आणि सगळ्यांचे पोर्ट बंद असतील, समोरून मागणाऱ्याचाही बंद असेल, तर फाईल सीडरकडे असून-नसून सारखीच. एकमेकांना कळतं की तो तिकडे आहे, पण जोडणी होत नाही. क्यूबिटटॉरेंट या दुसऱ्या टॉरेंट प्रोग्रॅममध्ये तिसऱ्याच्या मध्यस्थीने अशा दोघांना यूडीपीवर जोडायची युक्ती आहे, पण ती सगळ्या प्रोग्रॅममध्ये नसते आणि प्रत्येक नॅटमधून चालतेच असं नाही.

म्हणून सांजवारांच्या मराठी फायलींसाठी हे महत्त्वाचं आहे. इंग्रजी विकिपीडियाला सीडरची वानवा नाही. आपल्या भाषेतल्या फायली सीड करणारे मोजके, त्यातला एक जरी पोहोचण्याजोगा असला तरी फरक पडतो.

फणसपोळी

हे कोणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. धन्यवाद. किविक्सची फाईल आजच लावते.

अबोली

आमच्या केबलवाल्याकडे सार्वजनिक आयपी मागितला की मिळतो, वर्षाचे थोडे पैसे जास्त घेतात. फोनवरच्या मुलाला 'पब्लिक आयपी' कळलं नाही, 'सीसीटीव्ही घरातून बाहेर बघायचाय, स्टॅटिक आयपी पाहिजे' म्हटल्यावर लगेच कळलं. त्याच भाषेत विचारा.

पण तो मिळाल्यावरही माझा पोर्ट बंदच होता. कारण घरात दोन राउटर. भिंतीवरचा फायबरचा डबा स्वतःच राउटर म्हणून चालू होता आणि त्याला जोडलेला माझा वायफायवाला दुसरा. सार्वजनिक आयपी डब्यावर, पोर्टचा नियम माझ्या राउटरवर. माझ्या राउटरचा वॅन पत्ता 192.168 ने सुरू होत होता, त्यावरून उलगडा झाला. त्या डब्याला ब्रिज मोडमध्ये (स्वतः राउटर न होता जोडणी फक्त पुढे द्यायची) टाकायला लावलं आणि लॉगिनचे तपशील माझ्या राउटरमध्ये भरले. ब्रिज करून देत नसतील तर डब्यातून 51413 माझ्या राउटरकडे आणि तिथून कॉम्प्युटरकडे, असा दोनदा फॉरवर्ड केला तरी चालतं.

घाटमाथा

केबलवाला देत नसेल तर व्हीपीएन (दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे इंटरनेट वापरायची सेवा) हा मार्ग आहे, पण पोर्ट फॉरवर्डिंग देणारा हवा. हे आता कमी होत चाललंय. मुलवाड नावाची चांगली सेवा होती, त्यांनी 2023 मध्ये ही सोय काढून टाकली. प्रोटॉन व्हीपीएनच्या पैसे भरून घेतलेल्या प्लॅनमध्ये अजून आहे. तिथे पोर्ट तुम्ही ठरवत नाही, ते देतात. एनएटी-पीएमपी नावाच्या पद्धतीने तुमचं मशीन मागणी करतं आणि दर मिनिटाला ती नव्याने करावी लागते, नाहीतर पोर्ट परत जातो. लिनक्सवर त्यासाठी नॅटपीएमपीसी नावाचं छोटं साधन मिळतं, ते एका लूपमध्ये चालत ठेवायचं. दुसऱ्यांदा जोडलं की पोर्टचा आकडा बदलू शकतो, मग तो टॉरेंट प्रोग्रॅममध्ये पुन्हा भरायचा. स्क्रिप्ट लिहिता येते, पण विकिपीडिया सीड करण्यासाठी महिन्याला पैसे भरायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

भारतातले सर्व्हर मिळतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल 2022 मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितल्यावर बऱ्याच जणांनी इथले सर्व्हर उचलले. म्हणजे तुमचा डेटा सिंगापूरला जाऊन शेजारच्या तालुक्यात येणार.

टर्मिनल_तात्या

घाटमाथा, माझं मत स्पष्ट आहे. जे कायदेशीर आहे आणि उघडपणे वाटायचंय त्यासाठी व्हीपीएनची आडवाट नको. पैसे खर्चच करायचे तर केबलवाल्याला द्या, तो आयपी इतर कामांनाही येईल.

व्यवस्थापक

धागा चांगला चाललाय. एक सूचना : इथे फक्त मुक्त परवान्याच्या किंवा स्वामित्वहक्क संपलेल्या फायलींबद्दल बोलावं. सिनेमे, मालिका, चालू लेखकांची पुस्तकं यांचे दुवे दिसले तर प्रतिसाद उडवला जाईल. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. आर्काइव्हवर आहे म्हणजे मुक्तच आहे असंही धरून चालू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक मोकळं होतं, तेवढं बघूनच सीड करा.

सांजवारा

सगळ्यांचे आभार. व्यवस्थापक, पुस्तकं सगळी साठ वर्षांच्या पलीकडची आहेत, ती तपासूनच घेतली आहेत.

वॅन आयपी 100 ने सुरू होतो आणि पुढचा आकडा 64 ते 127 मध्येच आहे. म्हणजे पुणेरी_पेंग्विन यांनी पहिल्याच उत्तरात निदान केलं. तात्यांची टीसीपीडम्पची चाचणीही केली. कॉम्प्युटरपर्यंत खरंच एकही ओळ येत नाही. कंपनीला फोन केला तर घरगुती प्लॅनवर स्टॅटिक आयपी देत नाही म्हणाले, व्यवसायाचा प्लॅन घ्या. तो महाग आहे.

पण राउटरच्या त्याच पानावर आयपीव्ही6 चाही, म्हणजे नव्या पद्धतीचा, एक लांबलचक पत्ता दिसतोय, 2 ने सुरू होणारा. त्याचा काही उपयोग?

निळू_स्टुटगार्टकर

उपयोग? तोच तुमचा रस्ता आहे! जर्मनीत माझ्याकडे हेच. इथे बऱ्याच केबल कनेक्शनना डीएस-लाइट असतं : आयपीव्ही6 खरा, आयपीव्ही4 उसना, बोगद्यातून. आयपीव्ही4 वर पोर्ट उघडायचा प्रश्नच येत नाही. मी केवळ आयपीव्ही6 वर सीड करतो आणि व्यवस्थित चालतं.

आयपीव्ही6 मध्ये नॅट नसतो, प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असतो. म्हणून 'फॉरवर्ड' करायचं काही नाही. राउटरची फायरवॉल बाहेरून येणारं सगळं अडवते, तिच्यात एका पत्त्यासाठी एका पोर्टची फट पाडायची. तुमच्या राउटरमध्ये ते 'आयपीव्ही6 फायरवॉल' किंवा 'पिनहोल' अशा नावाखाली असेल. डेस्कटॉपचा आयपीव्ही6 पत्ता, पोर्ट 51413, टीसीपी व यूडीपी. तुमचा यूएफडब्ल्यू चालू असेल तर तात्यांचा नियम दोन्हींना लागू होतो. 'यूएफडब्ल्यू स्टेटस' मध्ये तोच पोर्ट व्ही6 म्हणून पुन्हा दिसेल, तेवढं बघा.

आता लक्ष द्या, इथे भलेभले अडकतात. टर्मिनलमध्ये 'आयपी -6 अ‍ॅड्रेस' चालवलंत तर डेस्कटॉपला एकाहून जास्त पत्ते दिसतील. एफई80 ने सुरू होणारा सोडून द्या, तो घरापुरता. उरलेल्यांत एकाच्या पुढे 'टेम्पररी' लिहिलेलं असेल. मिंट आणि उबुंटू खासगीपणासाठी असा तात्पुरता पत्ता बनवतात आणि तो काही काळाने बदलतात. राउटरमध्ये फट पाडताना तुम्ही स्थिर पत्ता देणार. पण ट्रान्समिशन जेव्हा ट्रॅकरकडे (कोणती फाईल कोणाकडे आहे ते सांगणाऱ्या सर्व्हरकडे) जातं तेव्हा बाहेर पडतं ते तात्पुरत्या पत्त्यावरून! ट्रॅकर जगाला तोच पत्ता सांगतो. लोक त्या पत्त्यावर येतात, तिथे फट नाही, आणि परत जातात. सगळं बरोबर दिसतं आणि कोणी येत नाही.

उपाय दोन. एक, मिंटच्या अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन त्या कनेक्शनच्या आयपीव्ही6 टॅबवर प्रायव्हसी एक्स्टेंशन्स डिसेबल करायचं आणि कनेक्शन तोडून पुन्हा जोडायचं. दोन, ट्रान्समिशनच्या सेटिंग्ज फाईलमध्ये 'बाइंड-अ‍ॅड्रेस-आयपीव्ही6' पुढे स्थिर पत्ता लिहायचा. ती फाईल बदलताना ट्रान्समिशन पूर्ण बंद हवं, कारण बंद होताना ते स्वतःची सेटिंग्ज पुन्हा लिहितं आणि तुमचा बदल पुसला जातो. ज्या मशीनवर फक्त सीडिंग चालतं तिथे पहिला उपाय सोपा. रोजच्या ब्राउझिंगच्या लॅपटॉपवर मी दुसरा करेन.

टर्मिनल_तात्या

निळूभाऊ, ह्या उत्तराला सलाम. तात्पुरत्या पत्त्याचं कुठे लिहिलेलंच नसतं.

एक जोडतो, सुरक्षिततेचं. फक्त 51413 उघडायचा. ट्रान्समिशन ब्राउझरमधून चालवायचं पान 9091 वर असतं, क्यूबिटटॉरेंटचं 8080 वर. 'ऑफिसातून बघता येईल' म्हणून लोक तेही उघडतात. कृपा करून उघडू नका. क्यूबिटटॉरेंटच्या त्या पानाला 2023 च्या अखेरपर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेला एकच ठरीव पासवर्ड होता, आणि जुन्या आवृत्त्या अजून घरोघरी आहेत. बाहेरून बघायचंच असेल तर वायरगार्ड या व्हीपीएन साधनाने घरच्या नेटवर्कमध्ये या.

आणि कोणी हे डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) चालवत असेल तर : डॉकर स्वतःचे नियम थेट आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या आतल्या फायरवॉलमध्ये घालतो. कंटेनरचा पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला विचारतसुद्धा नाही. यूएफडब्ल्यू तो पोर्ट 'बंद' दाखवत असतानाही तो घरातल्या नेटवर्कला उघडा असतो.

फणसपोळी

माझ्याकडे फेडोरा आहे. यूएफडब्ल्यू नाही म्हणतोय.

टर्मिनल_तात्या

ताई, तिथे फायरवॉल्डी असतो. पण फेडोरा वर्कस्टेशनच्या मूळ झोनमध्ये (फायरवॉलच्या नियमांचा संच) 1025 पासून 65535 पर्यंतचे सगळे पोर्ट आधीच उघडे असतात, त्यामुळे 51413 साठी वेगळं काही करायला नको. तुम्ही झोन बदलला असेल तरच नियम घाला, आणि टीसीपी-यूडीपी दोन्ही वेगवेगळे द्या.

वायफायवर असाल तर आणखी एक. फेडोरा 40 पासून प्रत्येक वायफाय नेटवर्कसाठी वेगळा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) बनवला जातो. राउटरमध्ये आयपी राखून ठेवताना लॅपटॉपच्या मागे छापलेला मॅक टाकाल तर जुळणार नाही. राउटरला जो दिसतोय तोच टाका.

रानपाखरू

पोर्ट उघडल्यावर अपलोडला मर्यादा घाला बरं का. प्लॅनच्या अपलोडच्या पाऊणपट वगैरे. नाहीतर रात्री आठला आईची मालिका अडखळायला लागली की पोर्ट राहू द्या, कॉम्प्युटरचाच प्लग निघतो. ट्रान्समिशनमध्ये कासवाचं चित्र आहे, वेळापत्रक लावून संध्याकाळी आपोआप हळू करता येतं.

अबोली

कासव आमच्याकडे सात ते अकरा. घरात शांतता आहे.

सांजवारा

झालं! राउटरमध्ये आयपीव्ही6 ची फट पाडली, निळू यांचा पहिला उपाय केला, म्हणजे आता डेस्कटॉपला एकच सार्वजनिक पत्ता आहे. टॉरेंटवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, पीअर्स, तिथे फ्लॅग्जचा स्तंभ असतो. आतापर्यंत त्यात 'आय' हे अक्षर कधीच दिसलं नव्हतं. आय म्हणजे समोरचा स्वतःहून आपल्याकडे आलेला. आज संध्याकाळी डेबियनच्या टॉरेंटवर बरेच आय दिसले, सगळे लांब आयपीव्ही6 पत्ते. मराठी विकिपीडियावर एक आला आणि बराच वेळ घेत बसला होता. कुठला असेल कोण जाणे, पण त्याची टक्केवारी शंभरला टेकेपर्यंत मी खिडकी बंद केली नाही.

आयपीव्ही4 साठी राउटरमध्ये केलेला जुना नियम काढून टाकू का? आणि ज्याच्याकडे फक्त आयपीव्ही4 आहे तो माझ्यापर्यंत येणारच नाही ना?

पुणेरी_पेंग्विन

अभिनंदन! फ्लॅगमधला आय हाच खरा पुरावा, 'टेस्ट पोर्ट'च्या बटणापेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवतो.

आयपीव्ही4 चा नियम काढा, कामाचा नाही. फक्त आयपीव्ही4 वाला तुमच्याकडे येऊ शकत नाही, पण त्याचा पोर्ट उघडा असेल तर तुमचं ट्रान्समिशन त्याच्याकडे जाईल, ते पूर्वीही जात होतं. भारतात मोबाइल आणि फायबर मिळून आयपीव्ही6 बऱ्यापैकी पसरलंय, त्यामुळे मराठी फायली मागणाऱ्यांपैकी पुष्कळ जण आता तुमच्यापर्यंत पोहोचतील.

एक काळजी घ्या. कंपनी अधूनमधून आयपीव्ही6 चा पुढचा अर्धा भाग बदलते, बहुधा राउटर बंद-चालू झाला की. काही राउटर फट पाडताना फक्त मागचा अर्धा भाग धरतात, त्यांना फरक पडत नाही. तुमचा अख्खा पत्ता मागत असेल तर वीज गेल्यावर नियम तपासत जा. पीअर्समधले आय अचानक गायब झाले की आधी तिथेच बघा.

निळू_स्टुटगार्टकर

किविक्सच्या त्या फाईलची नवी आवृत्ती अधूनमधून निघते, नावात वर्ष-महिना असतो. जुनी सीड करत राहिलात तर मागणारे हळूहळू कमी होतील. नवी लावलीत की इथे सांगा, मीही स्टुटगार्टहून लावतो.

फणसपोळी

मीही आहे. नाशिकहून.